ऑनलाइन लिलावातील खरेदी-विक्री : आकडा ठरवण्यापासून पार्सल पोहोचेपर्यंत

एखादी वस्तू किती रकमेला घ्यायची, हे लिलाव संपायला पाच मिनिटे उरलेली असताना ठरवू लागले की आकडा हमखास चुकतो. समोरचा बोली चढवत असतो, आपली बोली मागे पडल्याचा संदेश फोनवर येतो, माणूस इरेला पेटतो आणि वस्तू हवी असण्यापेक्षा ती दुसऱ्याला मिळू नये ही भावना वरचढ होते. जुने कॅमेरे, लेन्स आणि घड्याळे मी अनेक वर्षे लिलावांतून घेत आणि विकत आलो आहे. माझे जे व्यवहार आतबट्ट्याचे ठरले, त्यांतील बहुतेकांचे कारण एकच होते : आकडा आधी लिहून ठेवलेला नव्हता. विक्रीच्या बाजूनेही हीच चूक होते. सगळा खर्च वजा जाता हातात किती पडले पाहिजे, याचा हिशेब न करताच वस्तू लिलावाला लावली जाते. त्यामुळे पुढील प्रत्येक पायरीचा रोख हा आकडा आधी आणि नीट काढण्याकडे आहे.

बोली कशी चढते, हे आधी समजून घ्यावे

बहुतेक मोठ्या लिलाव संकेतस्थळांवर बोली आपोआप चढवण्याची सोय असते. आपण आपली कमाल रक्कम एकदाच भरतो, ती इतरांना दिसत नाही, आणि संगणक आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतो. समजा, वस्तूची चालू बोली ५०० आहे, आपण कमाल १,२०० भरले, दुसऱ्या इच्छुकाने कमाल ९०० भरले आणि बोलीतील किमान वाढ २० आहे. तर वस्तू आपल्याला ९२० ला मिळते. आपण भरलेल्या आकड्याने वस्तू कोणाला मिळणार हे ठरते, आणि मोजायची रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून ठरते.

हे तत्त्व संगणकापेक्षा जुने आहे. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये बंद लिफाफ्यातील बोलींचा असा लिलाव अभ्यासला होता, ज्यात सर्वांत मोठी बोली जिंकते पण विजेता दुसऱ्या क्रमांकाची रक्कम मोजतो. अशा लिलावात वस्तूचे आपल्या लेखी जितके मोल आहे तितकाच आकडा प्रामाणिकपणे भरणे सर्वांत शहाणपणाचे असते, असे त्याने दाखवून दिले. १९९६ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात याचा अर्थ असा की, कमी आकडा भरून आपले पैसे वाचत नाहीत, फक्त वस्तू हातची जाण्याची शक्यता वाढते; आणि जास्त आकडा भरल्यास एखाद्या दिवशी तो खरोखर मोजावा लागतो. 'इतके कोण भरणार आहे' या समजुतीने फुगवून भरलेल्या दोन कमाल रकमा एकमेकींना भिडल्या, तर किंमत क्षणात दुप्पट झालेली मी पाहिली आहे.

कोणत्याही नव्या संकेतस्थळावर बोली लावण्यापूर्वी काही नियम शोधून वाचावेत. लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, की शेवटच्या मिनिटांत बोली आल्यास वेळ वाढतो? विजेत्याकडून बोलीच्या रकमेवर वेगळे खरेदीदार शुल्क घेतले जाते का, आणि ते किती टक्के? लावलेली बोली मागे घेता येते का? वस्तू वर्णनाप्रमाणे न निघाल्यास तक्रार किती दिवसांत करावी लागते? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात आणि आपला आकडा त्यांच्यावर अवलंबून असतो.

खरेदीचा आकडा काढण्याची रीत

सुरुवात नेहमी पूर्ण झालेल्या विक्रीपासून करावी. चालू लिलावांतील किंवा ठरावीक दराच्या जाहिरातींतील आकडे हे विकणाऱ्यांच्या अपेक्षा असतात. वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली, हे फक्त संपलेले लिलाव सांगतात. शोध घेताना 'विकल्या गेलेल्या वस्तू' अशी चाळणी लावावी, त्याच वस्तूचे पाच-सहा व्यवहार निवडावेत, त्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला ठेवावा, आणि उरलेल्यांची स्थिती आपल्यासमोरच्या वस्तूशी ताडून पाहावी.

मग वजाबाकी करावी. समजा, चांगल्या स्थितीतील वस्तू साधारण ३,००० ला जाते. समोरच्या वस्तूला साफसफाई आणि दुरुस्तीचे ६०० लागतील, पाठवणीचा खर्च २५० आहे आणि बोलीवर १२ टक्के खरेदीदार शुल्क आहे. ३,००० मधून ६०० आणि २५० वजा केल्यावर २,१५० उरतात, त्यांना १.१२ ने भागले की साधारण १,९१९ येतात. हाच आपला आकडा, आणि तो कागदावर लिहून ठेवावा. वस्तू दुसऱ्या देशातून येणार असेल तर आयात शुल्क आणि त्याच्या वसुलीसाठी कुरियर कंपनी घेत असलेली रक्कम हीसुद्धा याच वजाबाकीत येते. आकडा १,९०० असा गोल न ठेवता १,९१९ किंवा १,९२३ असा ठेवण्यात एक फायदा आहे : बरेच जण गोल आकडे भरतात, आणि दोन कमाल रकमा सारख्या असल्या तर सहसा आधी भरणाऱ्याला वस्तू मिळते.

पाठवणीचा खर्च मी मुद्दाम वेगळा सांगतो आहे. तनजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अभ्यासकांनी सीडी आणि व्हिडिओ गेम यांचे लिलाव लावून पाहिले, तेव्हा सुरुवातीची किंमत कमी आणि पाठवणीचा खर्च जास्त ठेवल्यास अनेकदा एकूण रक्कम जास्त मिळते, असे त्यांना आढळले. म्हणजे बोली लावणारे लोक पाठवणीचा खर्च पुरता मोजत नाहीत. स्वस्त दिसणाऱ्या वस्तूच्या पानावर सर्वांत आधी हाच आकडा पाहावा.

एवढा हिशेब करूनही एक धोका उरतो. मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८ डॉलर मूल्याच्या वस्तूंनी भरलेल्या बरण्यांचा विद्यार्थ्यांमध्ये लिलाव केला. विद्यार्थ्यांचा मूल्याचा सरासरी अंदाज ५.१३ डॉलर होता, खऱ्या मूल्यापेक्षा बराच कमी. तरीही जिंकणाऱ्या बोलीची सरासरी निघाली १०.०१ डॉलर. लिलाव सरासरी अंदाज करणारा माणूस जिंकत नाही, सर्वांत जास्त चुकलेला माणूस जिंकतो. त्यामुळे जिथे वस्तूची स्थिती नीट कळत नाही, जसे की न उघडलेली खोकी, न तपासलेली उपकरणे किंवा एकगठ्ठा विकलेल्या वस्तू, तिथे मी काढलेल्या आकड्यातून आणखी पंधरा ते वीस टक्के कमी करतो आणि त्यामुळे हुकलेल्या वस्तूंबद्दल हळहळत नाही.

वर्णन आणि छायाचित्रे वाचताना

विक्रेत्याने काय लिहिले आहे, याच्याइतकेच त्याने काय लिहिलेले नाही हे महत्त्वाचे असते. 'घरात पडून होते, चालू आहे की नाही तपासलेले नाही' असे वाक्य एखाद्या टॉर्चच्या वर्णनात असेल, तर प्रश्न पडायला हवा की दोन सेल घालून पाहायला कितीसा वेळ लागतो. तपासायला सोपी असलेली वस्तू 'न तपासलेली' म्हणून विकायला ठेवलेली असेल, तर ती बंद आहे असे धरूनच आकडा काढावा.

जुन्या लेन्सचे उदाहरण मी जवळून देऊ शकतो. माझ्या एका फसलेल्या खरेदीत विक्रेत्याने पाच छायाचित्रे दिली होती. पाचही समोरून काढलेली, काच छान चकाकणारी. लेन्स हातात आल्यावर ती उजेडाकडे धरली, मागून टॉर्चचा झोत टाकला आणि आतल्या काचेवर कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. ती बुरशी होती, आणि समोरून काढलेल्या छायाचित्रात ती कधीच दिसली नसती. तेव्हापासून लेन्स घेण्यापूर्वी मी विक्रेत्याला ठरावीक विनंती करतो : मागून उजेड टाकून एक छायाचित्र द्यावे, लेन्समधील उजेड कमी-जास्त करणारे छिद्र अर्धवट बंद करून त्याभोवतीच्या पात्यांचे एक छायाचित्र द्यावे, म्हणजे पात्यांवर तेल आले आहे का हे कळते, आणि फोकसची कडी पूर्ण फिरते का ते लिहून कळवावे. कॅमेरा असेल तर मागचे झाकण उघडून उजेड रोखणाऱ्या फोमच्या पट्टीचे छायाचित्र मागतो, कारण ही पट्टी जुनी झाली की चिकट होऊन तिचा भुगा पडतो. प्रश्न विचारताना 'स्थिती कशी आहे' असे मोघम विचारू नये, कारण त्याचे उत्तरही मोघमच येते. उत्तरे संकेतस्थळाच्या संदेशपेटीतच घ्यावीत. पुढे वाद झाला तर तोच लेखी पुरावा असतो.

छायाचित्र दुसरीकडून उचललेले आहे का, हे चित्रावरून शोध घेण्याच्या सोयीने मिनिटभरात पाहता येते. महागड्या वस्तूसाठी, त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून छायाचित्र मागण्यात संकोच करू नये. वस्तू खरोखर जवळ असलेला विक्रेता सहसा आनंदाने पाठवतो.

विक्रेत्याची पारख आणि धोक्याच्या खुणा

अभिप्रायांची टक्केवारी पाहून थांबू नये. त्या विक्रेत्याने आजवर काय विकले आहे ते पाहावे. मोबाइलच्या कव्हरांवर मिळवलेले शंभर चांगले अभिप्राय महागड्या घड्याळाच्या व्यवहारात फारसे उपयोगाचे नसतात. नाराज ग्राहकांनी काय लिहिले आहे आणि विक्रेत्याने त्याला कसे उत्तर दिले आहे, हे मी सर्वांत आधी वाचतो.

विक्रेत्याने स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकरवी खोट्या बोली लावून किंमत चढवणे हा जुना रोग आहे आणि सर्व प्रमुख संकेतस्थळांवर त्याला बंदी आहे. एखादे खाते प्रामुख्याने याच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावत असेल, लहान लहान वाढ करत आपल्या कमाल रकमेच्या जवळ येऊन थांबत असेल, किंवा तीच वस्तू 'विकली' गेल्यानंतर पुन्हा पुन्हा लिलावात येत असेल, तर त्या विक्रेत्यापासून दूर राहावे. आपण हरल्यानंतर थोड्याच वेळात 'विजेत्याने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला वस्तू घ्या' असा प्रस्ताव आला, तर बोलींचा इतिहास उघडून ती माघार घेणारी व्यक्ती नसती तर किंमत कुठे थांबली असती हे पाहावे. प्रस्ताव स्वीकारण्याचे बंधन नसते. असा प्रस्ताव ईमेलने आला असेल, तर तो संकेतस्थळावरील आपल्या खात्यातही दिसतो का हे तपासल्याखेरीज काहीही करू नये, कारण हरलेल्या लोकांना बनावट प्रस्ताव पाठवणे ही फसवणुकीची नेहमीची पद्धत आहे.

पैसे संकेतस्थळाबाहेर पाठवण्याची मागणी झाली की व्यवहार तिथेच सोडावा. थोडी सूट मिळते म्हणून परस्पर पैसे पाठवणाऱ्याला खरेदीदार संरक्षण उरत नाही, आणि विक्रेत्याने सुचवलेले 'त्रयस्थ सुरक्षित खाते', म्हणजे वस्तू मिळेपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवण्याची सोय, अनेकदा त्याच टोळीचे असते.

बोली केव्हा लावावी

अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबे या लिलाव संकेतस्थळावरील आणि त्या काळी ॲमेझॉनवर चालणाऱ्या लिलावांची तुलना केली. ईबेवर वेळ ठरल्या क्षणी संपत असे. ॲमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ वाढत असे. शेवटच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर पुष्कळ जास्त आढळले, आणि अनुभवी लोकांमध्ये ते अधिक होते. त्यामागचे कारण साधे आहे : आपली बोली लवकर दिसली की इतरांना आपला आकडा पुन्हा वाढवायला वेळ आणि निमित्त मिळते.

म्हणून वेळ ठरलेली असेल तिथे वस्तू 'लक्ष ठेवण्याच्या यादीत' टाकून ठेवावी, मधल्या वेळात बोली लावू नये, आणि शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत कागदावरचा आकडा एकदाच भरावा. खात्यात आधीच प्रवेश केलेला असावा आणि बोली निश्चित करण्याचे पान उघडे असावे. त्या वेळी जागेवर नसणार असाल, तर तोच आकडा आधी भरून मोकळे व्हावे. तोटा थोडासाच आहे. वेळ वाढत जाणारा लिलाव असेल तर शेवटच्या क्षणाची वाट पाहून काहीच साधत नाही. एकाच वस्तूचे अनेक लिलाव चालू असतील तर सर्वांत आधी संपणाऱ्यावर बोली लावावी आणि हरल्यास पुढच्याकडे वळावे. दोन ठिकाणी एकदम बोली लावली तर दोन्ही वस्तू गळ्यात पडू शकतात, कारण जिंकलेली बोली म्हणजे विकत घेण्याचा शब्द असतो.

पार्सल आल्यावर ते उघडताना सलग व्हिडिओ काढावा, वस्तू त्याच दिवशी तपासावी आणि तक्रार असल्यास मुदतीच्या आत, छायाचित्रांसह, संकेतस्थळामार्फतच करावी. 'आपण आपापसात मिटवू, तक्रार मागे घ्या' या आश्वासनावर मुदत उलटून जाऊ देऊ नये.

विकायचे असेल तेव्हा

विक्रीचा आकडाही वजाबाकीनेच काढावा : अपेक्षित बोलीतून संकेतस्थळाचे शुल्क, पैसे स्वीकारण्याचे शुल्क, बांधणीचे साहित्य आणि परत येण्याचा संभव यांचा खर्च काढून टाकावा. यातून उरणारी रक्कम मान्य नसेल तर वस्तू लिलावाला लावूच नये, ठरावीक दराने विकावी. लिलाव त्याच वस्तूला शोभतो जिला दोन तरी खरे इच्छुक आहेत. किंमत दुसऱ्या इच्छुकामुळे चढते, आणि तो नसेल तर वस्तू सुरुवातीच्याच आकड्याला जाते.

याच कारणाने सुरुवातीची किंमत कमी ठेवण्याचा सल्ला सरसकट देता येत नाही. कमी किमतीने लोक लवकर गुंततात आणि ते आपसात चढाओढ करतात, हे खरे. पण तसे होण्यासाठी लोकांना वस्तू सापडली पाहिजे. शीर्षकात नाव चुकीचे लिहिले असेल, तर कमी सुरुवात म्हणजे नुकसान. मागणी असलेल्या वस्तूला कमी सुरुवात द्यावी, आणि मोजक्याच शौकिनांना हवी असलेल्या वस्तूला आपल्याला मान्य असलेली सर्वांत कमी रक्कम हीच सुरुवात ठेवावी. गुप्त राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकली जात नाही पण जी बोली लावणाऱ्यांना दिसत नाही अशी रक्कम, मी वापरत नाही. रमा कटकर आणि डेव्हिड रायली यांनी पोकेमॉन कार्डांच्या सारख्या जोड्या लिलावात लावून केलेल्या प्रयोगात गुप्त राखीव किमतीमुळे वस्तू विकली जाण्याची शक्यताही घटली आणि विक्रेत्याचे उत्पन्नही.

नव्या विक्रेत्याने सुरुवातीला थोडी कमी किंमत मिळणार हे गृहीत धरावे. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात एका जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या खात्यांवरून सारखीच जुनी पोस्टकार्डे विकली गेली. खरेदीदार जुन्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. म्हणून पहिली दहा-पंधरा विक्री लहान वस्तूंची करावी आणि घरातील सर्वांत मोलाची वस्तू नंतरसाठी ठेवावी.

शीर्षकात कंपनी, मॉडेल क्रमांक, माप आणि स्थिती असावी. 'दुर्मीळ', 'अप्रतिम' असे शब्द कोणी शोधत नाही. वर्णनात दोष सर्वांत आधी लिहावेत आणि प्रत्येक दोषाचे जवळून छायाचित्र द्यावे. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये ईबेची सुरुवात केली, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू एक बिघडलेला लेझर पॉइंटर होती आणि तो १४.८३ डॉलरला गेला. बिघडलेल्या वस्तूला गिऱ्हाईक असते, फक्त ती बिघडलेली आहे हे त्याला आधी माहीत असावे लागते. मालिका क्रमांकाचे छायाचित्र काढून स्वतःजवळ ठेवावे, म्हणजे परत आलेली वस्तू आपलीच आहे की बदललेली हे सिद्ध करता येते.

बाजारपेठ कितीही चांगली असली तरी बांधणीतील चुकीला माफी नसते. लंबकाचे भिंतीवरचे घड्याळ विकताना मी पहिल्यांदा ते जसेच्या तसे गुंडाळून पाठवले. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती पट्टी वाटेत पिळवटून तुटली, आणि आतून आदळणाऱ्या लंबकाने काचही फुटली. आता मी लंबक आणि वजने काढून प्रत्येक वेगळी गुंडाळतो, ठोक्यांच्या हातोड्या हलू नयेत म्हणून मध्ये मऊ कागद घालतो, किल्ली छोट्या पिशवीत घालून घड्याळाच्या पाठीला चिकटवतो आणि सगळे एका खोक्यात घालून ते खोके दुसऱ्या, सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठ्या खोक्यात ठेवतो. बांधून झाल्यावर खोके हलवून पाहावे. आतून आवाज आला तर पुन्हा उघडावे. मात्र मोठ्या खोक्याचा खर्च आधी मोजावा, कारण कुरियर कंपन्या आकारमानावरून वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागणे ही त्याची नेहमीची रीत आहे. ५० × ४० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे १२ किलो होतात, आतील घड्याळ चारच किलोचे असले तरी. पाठवणीचा दर जाहीर करण्यापूर्वी खोके प्रत्यक्ष बांधून मोजलेले असावे.

पैसे आल्याचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट पाहून वस्तू पाठवू नये. स्वतःच्या खात्यात जमा दिसल्यावरच पाठवावी, आणि व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवावी. 'चुकून जास्त पैसे गेले, उरलेले परत करा' असे सांगणाऱ्याला परस्पर काहीही परत करू नये, कारण मूळ रक्कम पुढे रद्द होऊ शकते. मागोवा घेता येईल अशी सेवा वापरावी आणि मौल्यवान वस्तूसाठी स्वाक्षरी घेऊन ताबा देण्याची सोय निवडावी. विजेत्याने पैसे दिले नाहीत तर रागाने संदेश पाठवण्याऐवजी मुदत संपताच संकेतस्थळाकडे नोंद करावी, म्हणजे शुल्क परत मिळण्याचा मार्ग मोकळा राहतो.

वस्तूला बोलीच आली नाही, तर ती तशीच पुन्हा लावण्यापूर्वी किती लोकांनी पान पाहिले आणि किती जणांनी लक्ष ठेवले, हे पाहावे. पान पाहिलेच गेले नसेल तर शीर्षक किंवा विभाग चुकला आहे. पाहिले गेले पण कोणी लक्ष ठेवले नाही, तर पहिले छायाचित्र बदलावे. लक्ष ठेवणारे होते आणि तरीही बोली आली नाही, तर सुरुवातीची किंमत किंवा पाठवणीचा दर जास्त आहे. एका वेळी यांपैकी एकच गोष्ट बदलावी आणि लिलाव सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, लोक मोकळे असताना संपेल असा लावावा.